पर्किन्सचा पाचवा एक्का

केओकुक, आयोवा
११ मार्च १९५८

प्रिय ऑरिन,

तुझं नाताळचं पत्र फेब्रुवारीच्या शेवटी पोचलं, कारण तू गल्लीचं नाव चुकवलं होतंस. जन्मभर लोकांच्या दुकानांवर पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या माणसाला बहिणीचा पत्ता धड लिहिता येऊ नये, याला काय म्हणायचं! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सोबतचं माहितीपत्रक वाचलं. ‘रेड लेज, कोलोराडो. पश्चिमेचं अस्सल जुनं शहर. दहा प्रेक्षणीय स्थळं एका दिवसात!’ ऑरिन, मी त्या गावात वीस वर्षं काढली, आणि मला एकच प्रेक्षणीय गोष्ट आठवते. गावाबाहेर जाणारी गाडी.

आता कामाचं. वेंडेलला जाऊन दीड वर्ष झालं. त्याच्या दगडावर माझंही नाव कोरून घेतलंय, शेवटची तारीख तेवढी कोरी ठेवली आहे. परवा तिथे फुलं ठेवताना एकदम मनात आलं, आपण नवरा-बायको ग्रॅनाइटखाली झोपणार, आणि बाबा एकोणपन्नास वर्षं टेकडीवर पाइनच्या फळीखाली. मला फार लाज वाटली. म्हणून आमच्या पाथरवटाकडून त्यांच्यासाठी दगड करून घेते आहे. मजकूर असा :

लेम्युएल हॅस्केट, तारमास्तर
१८६५–१९०९
गावाची सारी गुपितं यांना ठाऊक होती.
एकही यांनी फोडलं नाही.
हिमवादळात तार पोचवायला गेले, परतले नाहीत.

दगड जूनमध्ये मालगाडीने येईल. ऑगस्टमध्ये मी येईन. तू तोवर पाया खणून ठेव.

आणि एक. दर एप्रिलला फळीवरची अक्षरं पुन्हा रंगवायची, हे काम आईने तुझ्यावर सोपवलं होतं. ती स्वतः कधी टेकडी चढली नाही, गुडघे दुखतात म्हणायची. रंगवतोस ना?

तुझी बहीण,
अल्मिरा


रेड लेज
२४ मार्च १९५८

प्रिय अल्मिरा,

पत्र मिळालं, कानउघाडणीही मिळाली. बासष्टाव्या वर्षी तुझ्या जिभेला गंज चढलेला नाही हे बघून बरं वाटलं.

माहितीपत्रकाला हसलीस, पण आमची अडचण ऐक. खाण बंद झाल्यापासून गावात उरलंय काय? वारा, आणि ड्वेन क्लॅटरबकचं हॉटेल. दोन वर्षांपूर्वी बस कंपनीचा माणूस हातात घड्याळ घेऊन आला. म्हणाला, अर्धा दिवस जाईल एवढं दाखवायला असेल तर बस थांबेल, नाहीतर प्रवासी मोकळे होऊन येण्यापुरतीच. किती स्थळं लागतील, विचारलं. म्हणाला, दहा. झालं. ड्वेनने समिती स्थापन केली, स्वतः अध्यक्ष झाला आणि मला चिटणीस केलं, कारण पाट्या मलाच रंगवायच्या होत्या.

आता तू विचारशील, दहा आणली कुठून. फाशीचं झाड तुला ठाऊक आहे. दारूबंदीवाल्या बायकांनी १९१२ साली लावलेलं तेच. त्यावर आजवर फक्त एक पतंग लटकला. तुरुंग म्हणजे अंड्यांची जुनी वखार, गज नवे बसवले. बारा वाजता भर रस्त्यात गोळीबार होतो. आपला दंतवैद्य मर्ल त्यात दरोडेखोर असतो. बारा दहाला मरतो आणि एक वाजता दाढा उपटायला परत दवाखान्यात. लोक म्हणतात, मेलेला मर्ल जिवंत मर्लपेक्षा कमी त्रास देतो.

अशी नऊ झाली. दहावं स्थळ जुनी दफनभूमी. तिथे किरकोळ रंगरंगोटी केली आहे, एवढंच.

दगडाचं मात्र थोडं थांबावंस असं वाटतं. टेकडीचा रस्ता पार खचलाय, ग्रॅनाइट वर चढवणं म्हणजे बैलाला शिडी चढवणं. त्यापेक्षा खाली नव्या दफनभूमीत, आईशेजारी बसवला तर? जागा सपाट आहे, सावली आहे, आणि नवरा-बायकोंची नावंही शेजारी येतील. विचार कर.

ऑगस्टमध्ये इथे फार ऊन असतं.

तुझा,
ऑरिन


केओकुक
९ मे १९५८

प्रिय ऑरिन,

विचार केला. नको. माणूस जिथे आहे तिथेच दगड बसतो. आईने नव्या दफनभूमीचा हट्ट धरला तो तिचा प्रश्न. आणि ऑगस्टमधलं ऊन मला ठाऊक आहे, मी काही नॉर्वेहून येत नाही.

रंगाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ते माझ्या लक्षात आलं आहे.

पण आज रागवायचं नाही, कारण तुमच्या समितीने मला आठवडाभर हसवलंय. शेजारच्या मिसेस ओल्डेनबर्गची भाची तुमच्याकडे फिरायला आली होती. तिने मावशीला रंगीत कार्ड पाठवलं, मावशीने ते मला दिलं. थडग्याच्या फळीचं चित्र आहे, आणि फळीवर :

डावात असती एक्के चार,
पर्किन्सपाशी पाच;
पाचवा दिसला, उडाला बार,
संपला सगळा नाच!

अरे, मी एकटी स्वयंपाकघरात उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले! वेंडेल गेल्यापासून इतकी हसले नव्हते. कार्ड चुलीवरच्या फळीवर लावून ठेवलंय, रोज सकाळी कॉफी करताना वाचते. हा पर्किन्स कोण रे? मला आठवत नाही. पाट्या रंगवणारा तूच, तेव्हा कवीही तुला ठाऊक असेल. त्याला माझ्याकडून शाबासकी दे.

एकच गोष्ट खटकली. चित्रात मागे तो दुभंगलेला पांढरा खडक दिसतो. म्हणजे हा पत्तेबाज बाबांच्या जवळपासच पुरलेला असणार. ज्या माणसाने जन्मात पत्त्याला हात लावला नाही, त्याला शेजार मिळावा तर असा! पाया खणशील तेव्हा दोघांच्या मध्ये थोडं अंतर ठेव.

अल्मिरा


रेड लेज
२० मे १९५८

प्रिय अल्मिरा,

तुला हसू आलं हे वाचून आनंद झाला. कवीला निरोप दिला. तो लाजला.

पर्किन्सबद्दल फारसं कुणाला ठाऊक नाही. आला होता कुठून तरी, गेला तो असा. जुन्या गावात असली माणसं असायचीच. खडकाचं म्हणशील तर टेकडीवर पांढरे खडक ढिगाने आहेत. विजा तिथे सारख्या पडतात, अर्धे तरी दुभंगलेले असतील.

ऑगस्टबद्दल पुन्हा सांगतो. ड्वेनच्या हॉटेलात सप्टेंबरपर्यंत एक खोली रिकामी नाही. माझ्याकडे उतरशील तर दुकानाच्या माडीवर टर्पेंटाइनचा वास इतका असतो की तुझा दमा उसळेल. पुढच्या वसंतात ये, निवांत. दगड तोवर स्टेशनच्या गोदामात राहील. दगडाला काय घाई?

तुझा,
ऑरिन


केओकुक
३ जून १९५८

ऑरिन,

मला दमा नाही. कधीच नव्हता.

तुला आजवर खोटं बोलता आलं नाही, आणि जेव्हा जेव्हा बोललास तेव्हा गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोललास. म्हणून मी वेंडेलचं भिंग घेऊन कार्ड पुन्हा पाहिलं. तोच खडक आहे. बाबांना पुरताना तू त्याच्यावर बसला होतास, तुझे पाय जमिनीला पोचत नव्हते. खणणारे म्हणत होते, खडकाच्या या अंगाला एकाच माणसापुरती माती आहे, पुढे सगळा कातळ. मी तेरा वर्षांची होते, त्यांचा शब्द न् शब्द मी ऐकला.

एकाच माणसापुरती माती, ऑरिन.

मी महिनाभर रोज सकाळी माझ्या बापाला हसत होते.

अल्मिरा


रेड लेज
१२ जून १९५८

प्रिय अल्मिरा,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा सगळं सांगतो. वाचून झाल्यावर हवं तर पत्र चुलीत घाल.

दफनभूमी दहावं स्थळ करायचं ठरलं तेव्हा आम्ही वर जाऊन पाहणी केली. तुला वाटेल, जुनं खाणींचं गाव, तिथे दरोडेखोर, जुगारी, झुंजार माणसं पुरलेली असतील. छे! आपल्या गावात मारामारीत कुणी मेलंच नव्हतं. सगळे खोकून मेले. त्रेसष्ट थडगी, त्रेसष्ट सोवळे मेथडिस्ट. ड्वेन डोकं धरून बसला. मग त्याने नियम काढला : ज्या फळीवरचं नाव वाचता येतं ती घरच्यांची, ज्या फळीवरचं वाचता येत नाही ती समितीची. अशा चौदा फळ्या निघाल्या.

बाबांची त्यातली एक होती.

रंगवतोस ना, असं तू विचारलंस. नाही रंगवली. आई होती तोवर दर एप्रिलला ती रंगाचा डबा हातात देऊन मला वर पाठवायची. ती गेली आणि मी एक वर्ष चुकवलं. मग दुसरं. मग वर जायचीच लाज वाटायला लागली. अख्ख्या तालुक्यात माझ्या हातची अक्षरं आहेत, अल्मिरा, न्हाव्यापासून बँकेपर्यंत. फक्त बापाची फळी पावसाने धुऊन कोरी झाली. त्या दिवशी समितीपुढे तोंड उघडून ‘ही आमची’ म्हणालो असतो, तर ड्वेनने विचारलं असतं, ‘मग नाव कुठंय, पेंटर?’ मी गप्प बसलो.

तेरा फळ्यांवरच्या कविता शाळामास्तरांनी केल्या. ती एक मी केली. तू शाबासकी पाठवलीस तो कवी मीच.

आता माझंही थोडं ऐक. दुसरं काहीही लिहिता आलं असतं. घोडेचोर, दारुडा, काहीही. पत्तेबाजच का लिहिला, सांगतो. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. एकच गोष्ट आठवते : एक मोठा हात माझ्या कानामागे जातो आणि तिथून पत्ता काढतो. पत्त्याच्या पाठीवर आगगाडीचं इंजिन होतं. मी हसतो, तो हात पुन्हा जातो. एवढंच. लहानपणी मी हे आईला सांगितलं तर तिने माझं तोंड साबणाने धुतलं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, बाबांनी पत्त्याला कधी हात लावला नाही, तुला स्वप्न पडलं असेल. मग स्वप्नच असेल. पण बाप म्हणून माझ्यापाशी तेवढंच आहे. फळी कोरी होती, ब्रश हातात होता, आणि मला दुसरं काही सुचेना.

आणि रागावणारच आहेस तर हेही घे. आई गेल्यापासून तेवीस वर्षांत तू एकदाही टेकडीवर आली नाहीस. मीही एकवीस वर्षं गेलो नव्हतो. आता रोज दीड-दोनशे माणसं तिथे येतात, टोप्या काढतात. त्यांनीच पद्धत पाडली आहे, पर्किन्सला एकेक एक्का वाहायचा. घरून पत्त्यांच्या जोडातून काढून आणतात. दिवे लागायच्या आधी मी वर जाऊन ते गोळा करतो आणि बुधवारी खेळणाऱ्या कॅथलिक बायकांना देतो. त्यांच्याकडे आता नुसते एक्केच झालेत, पण बिचाऱ्या नाही म्हणत नाहीत.

दगड आला की सांगतो. पाया खणून ठेवतो.

ऑरिन


रेड लेज
२ सप्टेंबर १९५८

प्रिय अल्मिरा,

तू नाश्ता न करता पहिल्या बसने निघून गेलीस त्याला आता सतरा दिवस झाले. मी रोज पत्राची वाट पाहिली. आज माझा मीच बसलो लिहायला.

इथे तीन दिवस राहून तू माझ्याशी एकूण नऊ वाक्यं बोललीस. त्यातली चार टर्पेंटाइनबद्दल. पण दगड बसवताना पहार धरलीस तेव्हा वाटलं, होईल ठीक. ड्वेनला सांगून फळी दोन हात डावीकडे सरकवली, कातळावर. तिच्याखाली आता कुणी नाही. ड्वेन म्हणाला, ‘त्यानं काय फरक पडतो, आमच्या शहरात कशाच्या खाली काय आहे?’

शुक्रवारी तू घोळक्याच्या मागे छत्री घेऊन उभी होतीस, मी पुढे वाटाड्याची काळी टोपी घालून उभा. पर्किन्सला लोक हसले, नेहमीसारखे. मग दगडापाशी आलो आणि मी तुझा मजकूर मोठ्याने वाचला. तुझ्यासाठी वाचला गं, अगदी मनापासून वाचला. आणि ते त्याहून मोठ्याने हसले. तो टेक्सासचा जाडा म्हणाला, ‘तारमास्तर, आणि एकही गुपित फोडलं नाही? व्वा! ही तर पर्किन्सपेक्षा भारी थाप आहे!’ मांडीवर थाप मारून त्याने बायकोला सांगितलं, याचा फोटो काढ. मी वळून पाहिलं तर तू टेकडी उतरत होतीस.

मला त्यांना सांगायचं होतं, ही थाप नाही, हे माझे वडील. पण दोन वर्षं मीच त्यांना थापा मारतोय. खरं सांगितलं तर ते माझ्या तोंडून कोण खरं मानणार? हे दुःख तुला दाखवावंसं वाटलं नाही, म्हणून त्या संध्याकाळी मी मुकाट कॉफी केली.

पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली. तू टेकडी उतरून गेल्यावर मिनेसोटाची एक बाई मागे रेंगाळली. हसली नव्हती ती. दगड दोनदा वाचून म्हणाली, ‘एवढ्या वादळात निघाले म्हणजे मोठीच निकड असणार. तार कुणाची होती हो?’ अल्मिरा, मी चौपन्न वर्षांचा आहे. मला आजवर हा प्रश्न पडलाच नाही. तार कुणाची होती? काय होतं तिच्यात? मी टोपी डोक्यावर ठेवली आणि तिला बसकडे नेलं.

दुसरी. दुसऱ्या दिवशी, तू निघून गेल्यावर, संध्याकाळी पत्ते गोळा करायला गेलो. फळीवर एक्केच एक्के, पण बाबांच्या दगडावर एक निराळा पत्ता होता, खड्याखाली दाबून ठेवलेला. किलवरची सत्ती. जुनी, पिवळी पडलेली, एक कोपरा दुमडलेला. उलटी केली तर पाठीवर आगगाडीचं इंजिन.

मी खडकावर बसलो.

ती सत्ती माझ्या खिशात आहे, आता हे लिहितानाही. सांग मला, अल्मिरा. चांगलं असो, वाईट असो, सांगून टाक.

ऑरिन


केओकुक
१५ सप्टेंबर १९५८

प्रिय ऑरी,

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी जन्मभर मानत आले. आता मूठ उघडते.

तार नव्हती.

त्या आठवड्यात वादळाने खांब पाडले होते, गुरुवारपासून तारच बंद होती. रविवारी सकाळी बाबा सापडले तोवर तीन दिवस गावात एक शब्द आला नव्हता की गेला नव्हता. आणि हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं.

दर शनिवारी बाबा तबेल्यामागच्या खोलीत पत्ते खेळायला जायचे. आईला सांगायचे, तारा तुंबल्यात. चौघे असायचे. औषधवाला, न्हावी, बाबा आणि चौथा भिडू कोण असेल? रेव्हरंड पेनहॅलो! रविवारी व्यासपीठावरून पत्त्यांना सैतानाची पोथी म्हणणारे तेच. त्या शनिवारी वादळ वाढलं तसे तिघे तबेल्यातच राहिले. बाबांना मात्र घरी यायचं होतं. ते निघाले आणि वाट चुकले.

मी जिन्यावर बसले होते. खाली स्वयंपाकघरात पाळकसाहेब आईला म्हणत होते, ‘मार्था, लेम तार पोचवायला गेला होता असं सांगू.’ आई म्हणाली, ‘कुणाची तार?’ ते म्हणाले, ‘कोण विचारतंय?’

आणि खरंच, कुणी विचारलं नाही. अंत्यविधीला दोनशे माणसं होती. पाळकसाहेब कर्तव्यावर बोलले, तार बंद होती हे ठाऊक असलेली दोनशे माणसं माना डोलवत होती. औषधवाला रडत होता. बाबांनी त्या सगळ्यांच्या तारा वाचल्या होत्या, ऑरी. कुणाचा भाऊ कैदेत, कुणाची बायको पळालेली, कुणाचं मूल कुठे. एकाचीही वाच्यता त्यांनी केली नव्हती. तेव्हा गावानेही त्यांची केली नाही. एवढ्याशा गावाने एकोणपन्नास वर्षं एक थाप सांभाळली, आणि ती कुणाला दाखवायला नव्हे. तुमच्या दहा स्थळांपैकी एकाचीही तिच्याशी बरोबरी नाही.

आईने बाबांना माफ केलं नाही. म्हणून ती टेकडी चढली नाही, म्हणून तिला खालची जागा हवी होती. गुडघे ठणठणीत होते तिचे. पण नाव पुसू नये म्हणून तुला रंगाचा डबा देत राहिली. हे दोन्ही तिनेच केलं, आणि मला अजून नीट उमगलेलं नाही.

आता सत्ती. आईने घरातला पत्त्यांचा जोड चुलीत घातला. त्यांचे कपडे आवरायचं काम माझ्याकडे होतं. बंडीच्या खिशात हा एकच पत्ता निघाला. एक्का नाही, बघ. साधी सत्ती. खेळायला एकटा पत्ता कुणी खिशात ठेवत नाही. तो ते तुझ्यासाठी ठेवायचे. कोपरा दुमडला की बोटांत लपवायला सोपा जातो, मीच पाहिलं होतं त्यांना आरशासमोर सराव करताना. घरी यायची घाई होती तीही त्याचसाठी. तू सकाळपासून दारात बसून विचारत होतास, कानातला पत्ता केव्हा काढणार.

हे मी तुला कसं सांगणार होते? पाच वर्षांच्या पोराला? मग तू दहाचा झालास, वीसचा झालास, आणि दर खेपेला सांगायला उशीर झालेला असायचा. तुला स्वप्न पडलं असेल, हे म्हणणं सोपं होतं. मी तुझ्याकडून तुझा बाप काढून घेतला आणि तारमास्तर हातात ठेवला. त्याबद्दल मला क्षमा कर. तू फळीवर रंगवलंस ते थट्टेचं होतं, पण माझ्या ग्रॅनाइटपेक्षा खऱ्याच्या जवळ होतं. मला राग आला तो त्याचाच.

निघायच्या आधी पहाटे सत्ती टेकडीवर ठेवली तेव्हा वाटलं होतं, तू ती न बघता कॅथलिक बायकांना देऊन टाकशील आणि प्रकरण मिटेल. बरं झालं दिली नाहीस. ती तुझी आहे.

दगड पाडून टाकायचा असेल तर टाक. मी काही म्हणणार नाही.

तुझी,
अल्मिरा


रेड लेज
२८ सप्टेंबर १९५८

प्रिय अल्मिरा,

दगड पाडत नाही. नाव-तारखेखालच्या पहिल्या दोन ओळी अगदी खऱ्या आहेत, आणि तिसरी गावाने त्यांना दिलेली आहे. दिलेली वस्तू परत कशी करायची?

फळी मात्र काढली. ड्वेन ओरडला. मी म्हटलं, पर्किन्सला दफनभूमीच्या फाटकाशी हलवलाय, बसमधून उतरल्या उतरल्या दिसेल. तो खूश झाला. लोक आता एक्के तिथेच टाकतात.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा फार राग आला, तुझा. मग आरशासमोर उभा राहून सत्ती बोटांत लपवून पाहिली. जमत नाही. कोपरा बरोबर त्याच जागी वाकतो, पण माझी बोटं जाड आहेत. रोज थोडा वेळ करतो. पुढच्या वसंतात येशील तेव्हा तुझ्या कानामागून काढून दाखवीन. माडीवरचे टर्पेंटाइनचे डबे खाली नेऊन ठेवलेत.

काल यंदाची शेवटची बस होती. घोळका हसला, नेहमीसारखा. मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘ती तार होती तरी कुणाची?’ ड्वेन तिथेच होता, औषधवाल्याचा नातू होता, मर्ल अजून मेलेल्या वेशातच होता. तिघांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांच्या आज्यांनी त्यांना काय सांगितलंय, कुणाला ठाऊक.

मी टोपी काढली आणि म्हटलं, ‘ते आमच्या गावात सांगत नाहीत.’

तुझा,
ऑरी